व्होल्टेज नेमके कुठे पडते?

गेल्या वर्षी एका सिम्युलेशनमध्ये माझ्या संगणकावरील पोटॅशियम वाहिनीतून (पेशीपटलातून पोटॅशियमला वाट देणाऱ्या प्रथिनातून) आयन इतक्या उत्साहाने वाहू लागले, की त्या आनंदात मी जवळजवळ तीन आठवडे काढले. 500 नॅनोसेकंदांत 31 आयन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले होते. धारेचा हिशोब केला तर ती 10 पिकोअँपिअरच्या घरात येत होती आणि अशा वाहिन्यांवर प्रयोगशाळेत मोजल्या जाणाऱ्या धारांच्या शेजारी ही संख्या शोभून दिसत होती. अडचण एवढीच, की हे सारे 200 मिलिव्होल्टला घडते आहे असे मी समजत होते आणि प्रत्यक्षात पटलावर 550 मिलिव्होल्ट लादलेले होते. चूक एका भागाकाराची होती आणि ती सर्वस्वी माझी होती. पटलातील प्रथिनांमधून व्होल्टेजच्या जोरावर होणाऱ्या आयनवहनाच्या सिम्युलेशनबद्दल लिहायचे ठरवले, तेव्हा त्या भागाकारापासूनच सुरुवात करावीशी वाटली, कारण या कामातली मेख बरीचशी तिथेच आहे. संगणकात आयन पलीकडे नेणे तुलनेने सोपे असते; ते कोणत्या व्होल्टेजखाली गेले आणि खरोखर किती गेले, हे छातीठोकपणे सांगणे अवघड असते.

आधी पटलाबद्दल थोडेसे. पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर. त्याची जाडी साधारण 4 नॅनोमीटर, आणि त्यातला आतला तेलकट भाग सुमारे 3 नॅनोमीटरचा. पाण्याचा परावैद्युतांक (विद्युतक्षेत्र दुबळे करण्याच्या क्षमतेचे माप) 80 च्या आसपास, तर या तेलकट भागाचा जेमतेम 2. पाण्याने वेढलेल्या आयनाला तिथून उपटून तेलात नेऊन ठेवायचे, तर 2 अँगस्ट्रॉम त्रिज्येच्या एकभारित आयनासाठी बॉर्न यांच्या सूत्राने सुमारे 40 किलोकॅलरी प्रति मोल इतकी किंमत मोजावी लागते. हा हिशोब पार्सेजियन यांनी 1969 साली मांडला. खोलीच्या तापमानाला उपलब्ध असणारी ऊष्मीय ऊर्जा 0.6 किलोकॅलरी प्रति मोल एवढीच असते, म्हणजे चढ तिच्या जवळजवळ सत्तर पट उंच आहे. याउलट विश्रांत चेतापेशीच्या पटलावरचे 70 मिलिव्होल्ट एका आयनाला जेमतेम 1.6 किलोकॅलरी प्रति मोल देतात. व्होल्टेज ही टेकडी सपाट करत नाही, तिला थोडासा कल देते. टेकडी पोखरून वाट करण्याचे काम प्रथिनाला करावे लागते.

ते काम प्रथिन कसे करते याचा अंदाज संरचना दिसण्याच्या कितीतरी आधी लागला होता. हॉजकिन आणि केन्स यांनी 1955 साली चेतातंतूतील पोटॅशियमच्या दोन्ही दिशांच्या प्रवाहांचे गुणोत्तर मोजून असे दाखवले, की आयन एकामागे एक रांगेत, एकमेकांना ढकलत जात असावेत. 1998 मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने केसीएसए या जिवाणूतील वाहिनीची स्फटिक-संरचना प्रसिद्ध केली आणि ती रांग प्रत्यक्ष दिसली. 2003 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा याच कामासाठी होता. वाहिनीचा सर्वांत अरुंद भाग, ज्याला मी इथे गाळणी म्हणेन, सुमारे 12 अँगस्ट्रॉम लांबीचा आहे. वाहिनी ज्या चार सारख्या उपएककांची बनते, त्यांतील थ्रिओनिन, व्हॅलिन, ग्लायसिन, टायरोसिन आणि पुन्हा ग्लायसिन हा अमिनो आम्लांचा क्रम त्याच्या भिंती रचतो. या भिंतींतले ऑक्सिजन अणू आतल्या बाजूला तोंड करून असतात आणि निर्जल पोटॅशियमला पाण्याने दिलेला वेढा जवळजवळ जसाच्या तसा भरून देतात. आयनासाठी तिथे चार जागा आहेत आणि बाहेरून आत मोजत त्यांना एस1 ते एस4 म्हणतात. 1998 च्या त्या संरचनेतले आतले दार मात्र बंद आहे, त्यामुळे वहन पाहण्यासाठी मी 2002 साली उघड्या स्थितीत मिळालेली एमटीएचके ही वाहिनी घेतली होती. बंद दारासमोर महिनाभर संगणक चालवून आयनांची वाट पाहणारे लोक मला माहीत आहेत, म्हणून हा तपशील सांगून ठेवते.

आता वेळेचा हिशोब. 1 पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे 62 लाख एकभारित आयन, अर्थात सरासरी दर 160 नॅनोसेकंदांना एक. पोटॅशियमच्या चांगल्या वाहिनीतून 10 पिकोअँपिअर ही काही असाधारण धारा नव्हे. तिथे दर 16 नॅनोसेकंदांना एक आयन जातो. सिम्युलेशनचा एक टप्पा 2 फेम्टोसेकंदांचा असतो, म्हणजे 1 मायक्रोसेकंदासाठी 50 कोटी टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला लाखभर अणूंवरची बले नव्याने काढायची. आजच्या ग्राफिक्स कार्डांवर हे जमते, पण वेळ बराच लागतो. याच कारणासाठी आपण सगळे थोडी लबाडी करतो आणि व्होल्टेज वाढवतो: शरीरातल्या 70 मिलिव्होल्टऐवजी 200, 300, कधी 500. व्होल्टेज वाढवले की आयन लवकर जातात, मोजायला चार घटना जास्त मिळतात आणि आलेख काढता येतो. ही लबाडी गैर नाही, पण तिची किंमत असते आणि ती नंतर येते.

व्होल्टेज लावण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे सिम्युलेशनच्या पेटीतल्या (पटल, प्रथिन आणि पाणी सामावणाऱ्या जागेतल्या) प्रत्येक भारित अणूवर पटलाला लंब दिशेने एक स्थिर बल टाकणे, म्हणजेच सर्वत्र सारखे विद्युतक्षेत्र लावणे. इनपुट फाइलमध्ये एकच संख्या लिहावी लागते. मला 200 मिलिव्होल्ट हवे होते, पटल 4 नॅनोमीटर जाडीचे होते, म्हणून मी 0.2 ला 4 ने भागून 0.05 व्होल्ट प्रति नॅनोमीटर लिहिले. पाठ्यपुस्तकातले उदाहरण असते तर मला पूर्ण गुण मिळाले असते.

पण सिम्युलेशनची पेटी आवर्ती असते. तिच्या वरच्या टोकाला खालचे टोक जोडलेले असते आणि त्याच पेटीच्या अगणित प्रती एकीवर एक रचलेल्या असतात, असे गृहीत धरून स्थिरविद्युत बले काढली जातात. लावलेले क्षेत्र फक्त पटलात नसते, ते पाण्यातही असते. पेटीच्या तळापासून माथ्यापर्यंत विभव एका सरळ उताराने पडत जाते. मग पाण्याचे रेणू वळतात, मिठाचे आयन सरकतात, पटलाच्या दोन्ही पृष्ठांजवळ थोडाथोडा विरुद्ध भार गोळा होतो आणि पाण्यातले क्षेत्र जवळजवळ पूर्ण नाहीसे होते. पाणी असा उतार सहन करत नाही. परंतु एकूण पडझड ठरलेली असते, ती कुठेतरी व्हायलाच हवी, आणि पाण्याने नाकारलेला सगळा उतार पटलाच्या तेलकट भागात व वाहिनीच्या अरुंद गाळणीत येऊन साचतो. म्हणून पटलावरचे व्होल्टेज म्हणजे लावलेले क्षेत्र गुणिले पेटीची पूर्ण उंची. पटलाची जाडी या गुणाकारात येतच नाही. माझी पेटी 11 नॅनोमीटर उंच होती. 0.05 गुणिले 11, म्हणजे 0.55 व्होल्ट.

ही गोष्ट नीट सिद्ध करून लिहिलेली आहे. बन्वा रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या नमुन्यांवर ती तपशिलाने दाखवली आहे, आणि मी ते वाचलेही होते. वाचलेले असणे आणि इनपुट फाइल भरताना आठवणे यांत अंतर असते. चूक सापडली ती विभवाचा आलेख काढल्यावर. पेटीचे पटलाला समांतर असे पातळ काप करायचे, प्रत्येक कापातली सरासरी भारघनता काढायची, पॉइसन समीकरणानुसार तिचे दोनदा संकलन करायचे आणि लावलेल्या क्षेत्राचा उतार त्यात मिळवायचा. खालचे पाणी सपाट, वरचे पाणी सपाट आणि मध्ये पायरी, असे चित्र येते. माझ्या चित्रातली पायरी 0.2 ऐवजी 0.55 वर जाऊन थांबत होती. आधी मला वाटले, की संकलनाची स्क्रिप्ट चुकली. दोन दिवस स्क्रिप्ट तपासण्यात गेले, कारण इनपुट फाइलवर संशय घ्यायला मन तयार नव्हते. आता मी हा आलेख पहिल्याच दिवशी काढते. शिवाय क्षेत्र लावण्यापूर्वी पेटीची उंची कायम करून टाकते, कारण दाब स्थिर ठेवणारी यंत्रणा चालू असली तर पेटी थोडी लांबते-आखडते आणि तिच्याबरोबर व्होल्टेजही हलत राहते.

दुसरी रीत मला अधिक आवडते, कारण ती निसर्गाच्या जवळची आहे. कुट्झनर, ग्रुबम्युलर, द ग्रूट आणि झकारिये यांनी 2011 मध्ये ती मांडली. एकाच पेटीत दोन पटले घ्यायची, म्हणजे पाण्याचे दोन वेगळे कप्पे तयार होतात. एका कप्प्यात थोडे धन आयन जास्त आणि दुसऱ्यात तेवढेच कमी ठेवायचे. व्होल्टेज त्या असमतोलातून आपोआप उभे राहते, जसे ते पेशीत उभे राहते. आयन वाहिनीतून गेला की असमतोल कमी होतो, मग प्रोग्रॅम एका कप्प्यातला आयन आणि दुसऱ्यातला पाण्याचा रेणू यांची अदलाबदल करून तो पूर्ववत करतो.

इथे एक छोटा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. पटलाची धारिता (भार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 मायक्रोफॅरड. 10 बाय 10 नॅनोमीटरच्या तुकड्याची धारिता त्या हिशोबाने 10 चा उणे 18 वा घात इतके फॅरड. एका इलेक्ट्रॉनच्या भाराला तिने भागले, तर 0.16 व्होल्ट मिळतात. म्हणजे एवढ्याशा पटलाच्या एका बाजूचा एक आयन दुसऱ्या बाजूला गेला, की व्होल्टेज 160 मिलिव्होल्टने बदलते. दोन पटले असली तर तो भार दोघांत वाटला जातो आणि उडी 80 ची होते. 20 मायक्रोमीटर व्यासाच्या खऱ्याखुऱ्या गोल पेशीत 70 मिलिव्होल्ट उभे करण्यासाठी 55 लाखांच्या आसपास आयन हलवावे लागतात आणि तिथे एका आयनाच्या येण्याजाण्याने काहीच बिघडत नाही. आमच्या पेटीत मात्र एकेक आयन हा भूकंप असतो. त्यामुळे या रीतीत व्होल्टेज करवतीच्या दात्यांसारखे वरखाली होते आणि 'अमुक मिलिव्होल्टला मोजलेली धारा' ही भाषा वापरताना ती सरासरी आहे हे सांगावे लागते. पटल मोठे घेतले की दाते लहान होतात, पण संगणकाचा वेळ वाढतो. शिवाय दोन पटलांचा खर्च मुळातच दुप्पट. इतके असूनही दोन्ही रीतींनी एकच उत्तर येत असेल तर मला शांत झोप लागते.

मोजणीची कथा वेगळी आहे. आयन मोजण्यासाठी डोळ्यांनी पाहणे सर्वांत विश्वासार्ह, पण कंटाळवाणे. त्याऐवजी भारांच्या विस्थापनावरून धारा काढता येते: दोन नोंदींमध्ये प्रत्येक भार पटलाला लंब दिशेने किती सरकला ते घ्यायचे, भाराने गुणायचे, सर्वांची बेरीज करायची आणि तिला पेटीच्या उंचीने व मधल्या वेळेने भागायचे. अक्सिमेंतिएव्ह आणि क्लाउस शुल्टेन यांनी 2005 मध्ये अल्फा-हिमोलायसिन या रुंद छिद्राच्या प्रथिनातील धारा अशीच काढली होती. या रीतीचा फायदा असा, की अर्धवट सरकलेला आयनही अर्धा मोजला जातो. मी ही स्क्रिप्ट लिहिली आणि पहिल्या आलेखात मधूनमधून 16 नॅनोअँपिअरचे उंच सुळके आले. पिकोअँपिअरच्या जगात नॅनोअँपिअर म्हणजे वीज कोसळल्यासारखेच. विचित्र गोष्ट अशी, की बहुतेक सगळे सुळके अगदी सारख्या उंचीचे होते. निसर्ग इतका शिस्तबद्ध नसतो. मी नोंदी दर 10 पिकोसेकंदांनी घेत होते. एका इलेक्ट्रॉनचा भार भागिले 10 पिकोसेकंद म्हणजे बरोबर 16 नॅनोअँपिअर. पेटीच्या माथ्यातून बाहेर पडलेला आयन आवर्ती नियमाने तळातून आत येत होता आणि माझी स्क्रिप्ट त्याने 11 नॅनोमीटरची उलटी उडी मारली असे समजत होती. पेटीच्या निम्म्याहून मोठे विस्थापन दिसले तर त्यातून पेटीची उंची वजा किंवा अधिक करायची, ही दोन ओळींची दुरुस्ती. सुळक्यांची उंची सारखी नसती, तर ते 'गोंगाट' म्हणून मी गुळगुळीत करून टाकले असते, आणि ती शक्यता आजही अंगावर काटा आणते.

बरोबर 200 मिलिव्होल्टला 1 मायक्रोसेकंदात माझ्या वाहिनीतून 9 आयन गेले. 9 घटनांची सांख्यिकीय अनिश्चितता 3, म्हणजे धारा जवळपास दीड पिकोअँपिअर आणि तिच्यावर तेहतीस टक्के चूक. असे तीन आकडे घेऊन धारा-व्होल्टेज वक्र काढणे म्हणजे तीन थेंबांवरून पावसाचे अनुमान करणे. त्यातही घटना स्वतंत्र आहेत हे गृहीत धरलेले असते. माझ्या एका रनमध्ये पहिल्या 100 नॅनोसेकंदांत 6 आयन गेले आणि पुढचे 400 नॅनोसेकंद एकही नाही. ट्रॅजेक्टरी (अणूंच्या हालचालींची नोंद) उघडून पाहिली, तर एका उपएककातील व्हॅलिनचा ऑक्सिजन गाळणीच्या आतून बाहेरच्या बाजूला वळला होता आणि तिथेच बसला होता. भिंतीतली एक वीट फिरली की रांग थांबते. सरासरी धारा काढताना या दोन अवस्था एकत्र केल्या, तर जी संख्या मिळते ती कोणत्याच अवस्थेची नसते. वाहिनी खरोखरच अशी मधूनमधून बंद पडते की हा बलक्षेत्राचा (अणूंमधली बले काढण्याच्या सूत्रांचा) दोष आहे, हे त्या एका रनवरून सांगता येत नाही. म्हणून आता प्रत्येक व्होल्टेजला वेगवेगळ्या आरंभिक वेगांनी निदान पाच रन करते आणि प्रत्येकात चारही व्हॅलिनचे कोन काळाबरोबर मांडून ठेवते.

बलक्षेत्राचा विषय निघालाच आहे, तर धारांच्या आकड्यांबद्दल माझे मत सांगून टाकते. नेहमीच्या बलक्षेत्रांत अणूंचे भार ठरलेले असतात, आजूबाजूचे क्षेत्र बदलले तरी इलेक्ट्रॉनांचा ढग हलत नाही. त्यामुळे मेदपटलाचा तेलकट भाग 2 ऐवजी 1 परावैद्युतांकाचा, म्हणजे निर्वातासारखा वागतो आणि अरुंद वाहिन्यांतला चढ अवाजवी उंच होतो. ग्रॅमिसिडिनसारख्या चिमुकल्या वाहिनीत हे फार पूर्वी दिसले, आणि डी. ई. शॉ यांच्या गटाने आपल्या खास बनावटीच्या अँटन संगणकावर पोटॅशियम वाहिन्यांचे धारा-व्होल्टेज वक्र काढले, तेव्हाही धारा प्रयोगापेक्षा कित्येक पट कमी आल्या. दुसरीकडे, सर्वाधिक वापरले जाणारे टीआयपी3पी हे पाण्याचे प्रारूप खऱ्या पाण्यापेक्षा दुपटीहून अधिक वेगाने विसरण पावते, त्यामुळे रुंद छिद्रांत, जिथे आयन पाण्यातूनच वाहतात, धारा अवाजवी जास्त येते. अरुंद वाहिनीत कमी, रुंद छिद्रात जास्त. मधल्या रुंदीच्या एखाद्या वाहिनीत दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतील आणि उत्तर प्रयोगाशी बेमालूम जुळेल. असे जुळलेले उत्तर मला न जुळलेल्या उत्तरापेक्षा जास्त धास्ती घालते. माझ्या 550 मिलिव्होल्टच्या रनमध्ये हेच घडले होते: व्होल्टेज अडीच पटीहून जास्त, चढ गरजेपेक्षा उंच, आणि निव्वळ योगायोगाने धारा देखणी.

आयनांचे भार पाऊण पट धरून या त्रुटीची ढोबळ भरपाई करण्याचा मार्ग अलीकडे लोकप्रिय होत आहे, आणि त्याने धारा सुधारतात असे मलाही आढळले आहे. परंतु मग लावलेल्या क्षेत्राचे बलही पाऊण होते आणि 'व्होल्टेज किती' हा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो.

मग या खटाटोपातून मिळते काय? माझ्या मते आकड्यापेक्षा क्रम. 2014 साली द ग्रूट यांच्या गटाने दाखवले, की गाळणीतून जाताना पोटॅशियम आयन एकमेकांना थेट खेटून जातात, त्यांच्यामध्ये पाणी नसते. त्यापूर्वीचे सर्वमान्य चित्र आयन-पाणी-आयन-पाणी अशा आळीपाळीचे होते, आणि वाहत्या पाण्याने निर्माण होणारे विभव मोजणारे प्रयोग आजही एका आयनामागे साधारण एक पाण्याचा रेणू जातो असे सांगतात. वाद मिटलेला नाही. मात्र सिम्युलेशन नसते तर तो वाद सुरूच झाला नसता, कारण स्फटिकाच्या चित्रात चार जागा भरलेल्या दिसतात, पण एकाच क्षणी त्यांतल्या कोणत्या भरल्या होत्या ते दिसत नाही. इथेच वाढवलेल्या व्होल्टेजची किंमत चुकवावी लागते. 500 मिलिव्होल्ट म्हणजे ऊष्मीय ऊर्जेच्या जवळपास वीस पट. एवढ्या जोराने ढकलले तर 50 मिलिव्होल्टला ज्या वाटेने आयन कधीच गेले नसते, त्या वाटेनेही ते जाऊ शकतात. पटल स्वतःच त्याहून जास्त व्होल्टेजला फाटते आणि त्यात पाण्याचे भोक पडते, हे एकदा पाहून झाले आहे.

म्हणून मी ती 9 आयनांची ट्रॅजेक्टरी आकड्यांसाठी बाजूला ठेवली आणि एकेक आयन जाताना पाहिला. गाळणीखालच्या पोकळीत एक पोटॅशियम सहा-सात पाण्याच्या रेणूंसह घोटाळत असतो. वर येतो, थ्रिओनिनच्या उंबऱ्याला टेकतो, मागे फिरतो. असे पुष्कळ वेळा. गाळणीत आधीच बसलेले आयन जागच्या जागी थरथरत असतात. मग एकदा वरचा आयन बाहेरच्या पाण्याकडे थोडा जास्त झुकतो, त्याच सुमारास खालच्याचे पाणी एकेक करून गळते, तो एस4 मध्ये शिरतो आणि सगळी रांग एका जागेने वर सरकते. वाट पाहण्यात सरासरी शंभरावर नॅनोसेकंद गेलेले असतात आणि प्रत्यक्ष सरकण्याला त्याचा अगदी छोटा अंश लागतो. नऊपैकी सात वेळा मध्ये पाणी नव्हते, दोन वेळा एक रेणू अडकून वर गेला. त्या दोन वेळांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. 150 मिलिव्होल्टचे पाच रन रांगेत लावले आहेत आणि या खेपेला इनपुट फाइलमधल्या क्षेत्राच्या ओळीशेजारी पेटीची उंची टिपून ठेवली आहे.